हंसाबाईची कोथळी

मानीबाई भाकर खायला बसली की हंसाबाई उठून बाहेर जायची. सुनेचं खाणं तिला बघवत नसे. पहिली भाकर संपायच्या आत हात दुसरीवर, दुसरी तोंडात असताना डोळे तिसरीवर, आणि ते डोळे तरी कसले! खोबणीतून बाहेर येऊ पाहणारे, पापणी पुरती न मिटणारे. कपाळावरून घामाच्या धारा लागायच्या त्या थेट ताटात. सहा-सात भाकरी रिचवून बाई उठायची आणि अंगावर मात्र मूठभर मांस नाही. दंडावरच्या बांगड्या घसरून मनगटाशी आलेल्या.

"जाते कुठं हे सारं?" हंसाबाई शेजारच्या धनीबाईला विचारायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची. "जाते कुठं, नाल्यावर. दिवसातून पाच डाव लोटा घेऊन पयते."

धनीबाई तोंडावर टुकरी, म्हणजे ओढणी, ओढून हसायची. हंसाबाईला हसू येत नसे. तिला खरंच शिसारी यायची. सुनेच्या अंगातल्या आरसेकामाच्या कांचळीला येणारा आंबूस वास, पिठात सापडणारे तिचे गळलेले केस, दूध ओतताना लटलटणारे आणि निम्मं दूध चुलीत सांडणारे हात, झोपेतही अर्धे उघडे राहणारे डोळे. एकदा पहाटे उठून तिने ते पांढरे डोळे पाहिले आणि दिवसभर तिच्या घशाखाली घास उतरला नाही. एकुलत्या एका मुलाला, देवसिंगला, हेच ध्यान मिळायचं होतं का, असं ती उघड म्हणायची. सून ऐकते आहे याची खात्री करून म्हणायची.

फुलसावंगीपासून दोन कोसांवर त्यांचा तांडा. पूर्वी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख फिरणारी ही गोर बंजारा माणसं आता दोन पिढ्या कपाशी-ज्वारी पेरून एका जागी बसली होती. बसली तरी हंसाबाईच्या कमरेची कोथळी काही सुटली नव्हती. कवड्या लावलेली, रंगीत दोऱ्यांनी भरलेली ती पिशवी तिच्या सासूची. त्यात सुपारी, तंबाखू, चुना, आणि जे कुणाला दाखवायचं नाही ते.

सुनेच्या मानेवर, गळ्यातल्या चांदीच्या हासलीच्या वर लिंबाएवढी गाठ दिसायला लागली, तेव्हा देवसिंग तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. परत आला तो गोळ्यांची बाटली घेऊन. आईला समजावून सांगू लागला.

"याडी, तिच्या मानेतली गाठ चुलीत जास्तीची लाकडं घालून राह्यली. म्हणून तिले इतकी भूक लागते, घाम येते, काळीज धडधडते. ह्या गोळ्या आच कमी करतात. दिवसातून तीन. एक दिवसही चुकवाची नाई, डॉक्टरनं बजावून सांगतलं हाये."

याडी म्हणजे आई. याडीने तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात ढकलली. "भाकरी कमी घाल म्हणा, आच आपोआप कमी होते."

तरी बाटली तिने घेतली. मानीबाईची तब्येत मग सुधारूही लागली. सातच्या पाच भाकरी झाल्या, हाताचं थरथरणं कमी झालं, रात्रीची ती झोपू लागली. ज्येष्ठात पेरणीच्या वेळी तिने सगळ्यांच्या बरोबरीने तिफणीमागे दिवस काढला. सगळ्या तांड्याला दिसलं, हंसाबाईला दिसलं नाही. दिसलं असतं तर इतक्या वर्षांचा आपला राग ठेवायचा कुठे, हा प्रश्न पडला असता.

सत्तावन्न सालचा आषाढ. पेरण्या आटोपल्या आणि देवसिंग झरीच्या जंगलात रोपं लावायच्या कामावर गेला. जाताना बाटली पुन्हा आईच्या हातात दिली. "तू देत जाय, याडी. ती इसरते. तुह्या हातानं दे."

तो गेला आणि आठवड्यात तांड्यात सीतळा मातेची पूजा झाली. बकरं कापलं, घुगऱ्या वाटल्या. तिसऱ्या दिवशी नायकाच्याच घरात ताप निघाला. मग शेजारी, मग पलीकडे. पाच दिवसांत निम्मा तांडा गोधड्या पांघरून कण्हत पडला. अंग मोडून यायचं, डोकं फुटायचं, खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. फुलसावंगीच्या बाजारात लोक म्हणत होते की हा मुंबईहून आलेला नवा ताप आहे, फ्ल्यू म्हणतात त्याला, गावोगावी पसरला आहे. पण तांड्याचा नायक धनसिंग बाजाराचं ऐकणाऱ्यातला नव्हता. पूजेच्या तिसऱ्या दिवशी ताप आला, म्हणजे माताच आली.

"पण अंगावर दाणे तर दिसत नाई, नायक," कुणीतरी चाचरत म्हणालं.

"दिसत नाई म्हणजे आत हायेत," नायक म्हणाला. "आतली माता जास्त कडक राह्यते."

दारोदार लिंबाचे डहाळे लागले. सात दिवस मातेचा मुक्काम. फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, सुई हातात धरायची नाही, आणि दवाईचं तर नावही काढायचं नाही. माता घरात असताना दवाई घेणं म्हणजे पाहुणीला दार दाखवणं. ती कोपली की एकट्या घरावर नाही, सगळ्या तांड्यावर कोपते.

त्याच संध्याकाळी हंसाबाईने गोळ्यांची बाटली उपडी केली, सगळ्या गोळ्या कोथळीत ओतल्या आणि नाडी आवळली. बाटली घरात दिसायला नको. नायकाचा हुकूम होता हे खरं. पण नाडी आवळताना तिला बरं वाटलं, हेही खरं. जिच्यापायी मुलगा नागपूरच्या वाऱ्या करतो, त्या बयेचे लाड सात दिवस बंद.

मानीबाईला तोवर ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सासूपुढे येऊन उभी राहिली.

"याडी, माही गोळी."

"माता घरात हाये. ऐकलं नाई काय?"

"पण ह्या तापाच्या गोळ्या नोहोत, याडी. मानेच्या हायेत. मले कुठं ताप हाये?"

"गोळी थे गोळी. मातेले काय मानेची अन् तापाची वेगळी समजते?"

मानीबाई परत चुलीपाशी गेली. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. हात पुन्हा थरथरू लागले होते. चौथ्या दिवशी तर तिने सासूचे पाय धरले. ओले, चिकट, गरम हात. हंसाबाईने पाय झटकले आणि रांजणाजवळ जाऊन घासून घासून धुतले.

पाचव्या दिवशी मानीबाईलाही ताप आला, आणि तो तांड्यातल्या कुणासारखा नव्हता. बाकीचे कुडकुडत होते, ही गोधडी फेकून उठत होती. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. पोटात पाणी ठरेना. वर-खाली दोन्ही सुरू झालं. ती जागच्या जागी घाण करू लागली आणि तशीच उठून भिंतीला धरून चालू लागली. कुणाशी तरी बोलायची, रडायची, मध्येच हसायची. मानेवरची शीर अशी उडत होती की दारातून दिसावी. हंसाबाई नाकाला टुकरी लावून उंबऱ्यात बसली. राख आणून टाकायची, खराट्याने लोटायची, पुन्हा उंबऱ्यात. आपल्याला ओकारी येते आहे की भीती वाटते आहे, हे तिचं तिला कळत नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी मानीबाईचा भाऊ फुलचंद आला. लोणीच्या तांड्यातला, बहिणीच्या वाटचं पूजेचं धान्य पोचवायला आला होता. दारातून त्याने आत पाहिलं आणि धान्याचं गाठोडं तिथेच सोडलं.

"हे काय करून ठेवलं?" तो म्हणाला.

"माता हाये," हंसाबाई म्हणाली.

फुलचंदने डोक्याचं पागोटं सोडलं, त्यानेच बहिणीचं तोंड पुसलं, अंग पुसलं, घाण पुसली. त्याने नाक धरलं नाही. हंसाबाईला त्याचाही राग आला. मग त्याने गाडी जुंपली. नायक आडवा आला, मातेचा एक दिवस उरला आहे म्हणाला. फुलचंद म्हणाला, "नायक, एक दिवस तुमच्याकडं उरला असन. हिच्याकडं नाई." हंसाबाईही गाडीत चढली. सुनेला मरणाच्या दारात एकटी पाठवली असं कुणी म्हणायला नको. शिवाय कोथळी कमरेला होती आणि तिला ती तांड्यात एकटीनं बाळगवेना.

चिखलातून गाडी दुपारी महागावच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टर भगवानराव अमरावतीकडचे, वयाने तरुण. त्यांचा दवाखाना फ्ल्यूच्या माणसांनी व्हरांड्यापर्यंत भरला होता. तरी मानीबाईला पाहून ते हातातलं काम टाकून आले. डोळे पाहिले, हासली बाजूला सारून गाठ चाचपली, नाडीवर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिले.

"गळ्याच्या गाठीवर काही औषध चालू आहे?"

"हाये ना," फुलचंद म्हणाला. "नागपूरच्या गोळ्या हायेत. जावई त्यांच्या याडीपाशी देऊन गेलते."

डॉक्टर हंसाबाईकडे वळले. "नीट आठवून सांगा. रोज देता? मध्ये बंद तर नाही केल्या?"

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. पण फुलचंद बघत होता, विमलताई नर्स बघत होती, व्हरांड्यातली खोकणारी माणसं बघत होती. हंसाबाईने टुकरी पुढे ओढली.

"रोज देते. तिन्ही डाव. माह्या हातानं."

"मग गाठीचा प्रश्न नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना जरा हायसं वाटलेलं दिसलं. "फ्ल्यू छातीत उतरलाय, सोबत मलेरियाही असेल." पेनिसिलीनची सुई दिली, क्विनाइनची दिली, आणि ते पुढच्या रोग्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानीबाई होती त्याहून वाईट होती. ताप एकशे सहावर. डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलेलं. छातीत घरघर, पाय सुजलेले, नाडी कधी धावायची, कधी अडखळायची, तिचा मेळच लागेना. विमलताई एकटी तिला पुसत होती. ती हंसाबाईला म्हणाली, "आजी, नुसत्या बसू नका. धरा हिला."

धरावं लागलं. घाणीने भरलेली, घामाने निथळणारी सून हंसाबाईच्या मांडीवर आली. हंसाबाईने मान फिरवली.

डॉक्टर आले. नाडी पाहून त्यांनी विमलताईला बाजूला घेतलं, तरी ते जे बोलले ते ऐकू आलं.

"एक गोष्ट जुळत नाही. हे सगळं गाठीचंच आहे. फ्ल्यूनं ठिणगी पडली आणि गाठीनं पेट घेतला, आता ती सगळं विष रक्तात ओततेय. पण रोज गोळ्या घेणाऱ्या बाईला हे इतकं होत नाही. आणि समजा बंद झाल्या असतील, तरी मी काय करू? ती गोळी माझ्याकडे नाही, पुसदलाही नसेल. नागपूरला तार केली तर परवा येईल. ही परवापर्यंत नाही."

हंसाबाईचा हात आपोआप कमरेकडे गेला. कोथळी तिथेच होती. आपल्या मांडीवर जे मरायला टेकलं आहे त्याचं औषध आपल्याच कमरेला सुपारीच्या खांडांत पडलं आहे, हे तिला कळलं. तरी हात तिथेच राहिला. काढल्या तर काल खोटं बोलल्याचं उघडं पडणार. देवसिंगला कळणार. नाही काढल्या तर कुणालाच, कधीच कळणार नाही. सून जाईल, लोक म्हणतील माता घेऊन गेली. देवसिंग अजून तरणा आहे. हा विचार तिच्या मनात आला. ती म्हातारी काही देवमाणूस नव्हती. विचार आला, आणि तिने तो हाकललाही नाही.

तेवढ्यात मांडीवरचं डोकं हललं. मानीबाईचे डोळे सताड उघडे होते, पण ती सासूला पाहत नव्हती. कुठल्या तरी चुलीपुढे बसली होती. तिचे हात हवेत पीठ मळत होते.

"याडी," ती पुटपुटली, "मी एकच खाल्ली. सांगू नका कोणाले. एकच खाल्ली. मले... मले भूक नाई लागत आता."

ती हे पुन्हा पुन्हा म्हणत होती. खोटं बोलत होती, आणि भिऊन बोलत होती. मरतानासुद्धा तिला भाकरीचा हिशोब द्यावासा वाटत होता, आणि तो कुणाला, तर हंसाबाईला.

हंसाबाईला शिसारी आली. या वेळी वासाने नाही. आयुष्यात तिला पुष्कळ गोष्टींची किळस आली होती. स्वतःची कधी आली नव्हती. ती इतकी जोराची असते हे तिला माहीत नव्हतं. तिने कोथळीची नाडी ओढली, गाठ सुटेना, तेव्हा दातांनी तोडली आणि कोथळी जमिनीवर उपडी केली.

सुपारीची खांडं, तंबाखूचा चुरा, चुन्याची डबी आणि त्यात लडबडलेल्या गोळ्या. घामाने दमटलेल्या, पिवळट, काहींना तंबाखू चिकटलेला. विमलताईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की जणू तिथे मेलेला उंदीर पडला आहे. ती गोळ्यांकडे नाही, हंसाबाईकडे बघत होती.

"नाई दिल्या," हंसाबाई म्हणाली. "माता आली तवापासून नाई दिल्या. तिनं मागतल्या, पाय धरले माहे, तरी नाई दिल्या. काल खोटं बोलली मी."

डॉक्टर तिथेच उकिडवे बसले. त्यांनी गोळ्या निवडून घेतल्या, पुसल्या, विमलताईने त्या खलात कुटल्या आणि नाकातून नळी घालून पोटात सोडल्या. तासाभराने आयोडीनचे थेंब. ओल्या चादरी, बाटलीतलं सलाईन, काळजाचं औषध. फुलचंद खांबाला टेकून सगळं ऐकत होता. तो हंसाबाईजवळ आला. मारेल असं तिला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. तो तिच्या पायांपाशी, सांडलेल्या सुपारीवर थुंकला आणि पाणी आणायला विहिरीवर गेला.

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ताप उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी मानीबाईने भावाला ओळखलं, पाणी मागितलं. "वाचली," विमलताई म्हणाली. हंसाबाई व्हरांड्यात बसून रडली, आणि आपण रडतो आहोत याचीही तिला लाज वाटली.

पण चौथ्या दिवशी सकाळी मानीबाई उठून बसायला गेली आणि उजव्या अंगावर कोसळली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. काही सांगू पाहत होती, पण नुसता घशातून आवाज आला. डॉक्टरांनी तिचा उजवा हात उचलून सोडला, तो दगडासारखा खाली पडला.

"एवढे दिवस हृदय वेडंवाकडं धावत होतं," ते फुलचंदला म्हणाले. "त्यात रक्ताची गुठळी धरली. ती मेंदूत जाऊन अडकली. जीव राहील. बाकीचं किती परत येईल, सांगता येत नाही." मग हंसाबाईकडे न बघता म्हणाले, "एक दिवस आधी कळलं असतं तर कदाचित हे झालं नसतं."

देवसिंगला निरोप गेला, तो आला. फुलचंदने त्याला सगळं सांगितलं. देवसिंग आईवर ओरडला नाही. त्याने फक्त नागपूरहून गोळ्यांची नवी बाटली मागवली आणि ती स्वतःच्या बंडीच्या खिशात ठेवली. हंसाबाई वाट पाहत राहिली की कधी तरी हा तोंड उघडेल आणि आपल्याला शिव्या देईल. त्याने दिल्या नाहीत.

दिवाळी गेली, कापूस वेचणीला आला. मानीबाई खाटेवर असते. उजवा हात, उजवा पाय नाही, बोलणं नाही. हंसाबाई तिला धुते, पुसते, कूस बदलते, वेणी घालते. घाण काढताना आता तिला काही वाटत नाही. रोज सकाळी ती सात भाकरी थापते. सातांची आता गरज नाही, हे तिला कळतं. अर्धी भाकर दुधात कुस्करून, बोटाने सुनेच्या वाकड्या तोंडात घालते. निम्मी गालावरून बाहेर येते. ती पुसते, पुन्हा घालते. "अजून एक घास, मानी. खाय ना वं," ती म्हणते. मानीबाई तिच्या हातचं दूध घेते, भाकर घेते, पाणी घेते.

गोळी तेवढी तिच्या हातची घेत नाही. सकाळ-संध्याकाळची देवसिंग देतो. दुपारची गोळी तो आईजवळ ठेवून शेतात जातो, कारण दुसरं कुणी घरात नाही. हंसाबाई हात धुऊन, स्वच्छ पुसून ती गोळी सुनेच्या ओठांशी नेते, आणि मानीबाईचं तोंड, जे एका बाजूने धड मिटतही नाही, घट्ट मिटतं. ते मोठे डोळे सासूच्या बोटांवर खिळतात. त्या डोळ्यांत काय आहे हे हंसाबाईला कुणी सांगायला नको. वर्षानुवर्षं तिने स्वतः तेच डोळ्यांत घेऊन सुनेकडे पाहिलं होतं.

मग ती गोळी वाटीत ठेवते, डोक्यावरून टुकरी घेते आणि भर उन्हात तांडा ओलांडून जाते. दारादारांतून बायका बघतात, नायक ओट्यावरून बघतो. ती कुणाकडे बघत नाही. धनीबाईच्या दारात उभी राहते आणि रोजच्यासारखी म्हणते, "चाल वं माय. पोरीच्या गोळीची येळ झाली. तुह्या हातानं दे."